पडद्यावरची सरळ रेघ

कुबरा आपा एरवी गाळ्याच्या दारात चपला काढायच्या, हात धुवायच्या आणि मगच आत यायच्या. त्या शुक्रवारी सकाळी त्या तशाच टेबलापर्यंत आल्या आणि मोबाईल मृणालीसमोर ठेवला.

"आधी हे वाच. मग सांग, शिबिराला लसीचे डबे भरू की नको."

मृणालीने वाचलं. 'भिवंडीच्या आई-बापांनो, आज तुमच्या मुलांना बर्फ होऊन मेलेली लस टोचणार आहेत. साहेबांना सगळं माहीत आहे. विचाराल तर ते नाही म्हणतील.' खाली एक फोटो होता. निळ्या पडद्यावर तापमानाचा आकडा, शून्याच्या बराच खाली. तोच मजकूर हिंदीतही होता, उर्दूतही.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही आणि सगळ्यांनी. माझ्या जावेकडून आलं, नळावरच्या बाईकडून आलं, मदरशाच्या ग्रुपवरून आलं. सकाळपासून मला एवढे फोन आले, इतके माझ्या निकाहाला पण आले नव्हते." आपा हसल्या नाहीत. "फोटो तुझ्या या पडद्याचाच वाटतोय."

मृणालीने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. पडदा तोच होता, निळा. त्याच्यावर मात्र चार अंश दिसत होते, जसे रोज दिसायचे.

मानकोलीच्या या गाळ्यात सरकारी लसींचा साठा ठेवलेला होता आणि तो सांभाळणं हे मृणाली तरेचं काम. मूळ भांडाराची दुरुस्ती चालू होती, म्हणून ही थंड खोली भाड्याने घेतलेली. इथून भिवंडी शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या लसीकरणाला माल जायचा. कुबरा आपा शहरातल्या आरोग्यसेविका. ज्या बाळांचे डोस चुकले होते त्यांच्यासाठी आज त्यांनी शिबिर ठेवलं होतं, जब्बारभाईंच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये, जुम्म्याच्या नमाजनंतर. शुक्रवारी त्या भागातले लूम बंद असतात. बाप घरी असतो, आईला सोबत मिळते. तो वार आपांनी मुद्दाम निवडला होता.

मृणाली जाड कोट चढवून थंड खोलीत गेली. आत टांगलेला काचेचा थर्मामीटर पाहिला. चारच. एका खोक्यातून तिने पाच रोगांवरची लस असलेली बाटली काढली, लेबलवरचा छोटा चौकोन पाहिला. तोही फिकट, म्हणजे ठीक.

पण तिला बरं वाटलं नाही. लस तापली की बिघडते हे बहुतेकांना ठाऊक असतं. तापलेल्या बाटलीवरचा चौकोन काळा पडतो, कुणालाही दिसतो. काही लसी मात्र गोठल्या तरी बिघडतात, आणि गोठून पुन्हा वितळलेल्या बाटलीवर कसलीच खूण उमटत नाही. ती तशीच पांढरट, तशीच गार दिसते. फक्त तिच्यात बाळाला घटसर्पापासून वाचवण्याची ताकद उरलेली नसते. गोठण्याची नोंद ठेवणारं एक छोटं बॅटरीवरचं यंत्र खोक्यात असायचं. त्याची बॅटरी संपली होती आणि नवीन यायचं होतं.

म्हणजे आत्ता सगळं ठीक होतं, एवढंच तिला कळत होतं. रात्री ते तसं होतं का, हे फक्त पडद्यालाच विचारता येत होतं. तिने बाहेर येऊन रात्रीचा आलेख उघडला. चार अंशांवरून एक रेघ गेलेली, डावीकडून उजवीकडे. कुठे उंचवटा नाही, कुठे खळगा नाही.

"बघ, सरळ आहे," आपा म्हणाल्या. "म्हणजे खोटं ना?"

तेवढ्यात फोन वाजला. तालुक्याच्या लसीकरणाचे प्रमुख डॉक्टर मितेश.

"मृणाली, ते फिरतंय ते पाहिलंस? पडदा काय दाखवतो?"

"चार, सर. रात्रभर चारच."

"मग झालं. मी पत्रक काढतो, 'ही निव्वळ अफवा आहे, साठा पूर्ण सुरक्षित आहे.' नमाजला माणसं जमायच्या आत ते सगळीकडे गेलं पाहिजे. शिबिर ठरल्याप्रमाणे होईल."

"सर, थोडं थांबता का? मी अजून बघतेय."

"काय बघायचंय? नमाज सुटल्यावर चौकात किती माणसं असतात माहीत आहे ना तुला? आपण गप्प बसलो असं त्यांना वाटलं तर उद्या एकही बाळ येणार नाही."

ते चुकीचं बोलत नव्हते. मृणाली काही म्हणणार तोच भूपेश चहाची किटली घेऊन आत आला. गाळा त्याच्या काकांच्या, पंढरीशेठच्या जमिनीवर होता. मानकोलीत रिवाजच असा की ज्याच्या शेतावर गोदाम उभं राहिलं, त्याच्याच घरातून भाडेकरूला पाण्याचा टँकर येतो, हमाल येतात, वॉचमन येतो आणि हल्ली नेटही येतं. नेटचं काम भूपेशकडे होतं.

"ताई, चा घ्या. आन रातच्याला लाइट गेल्ती त्याचा टेन्शन घेऊ नका. मी व्हतो."

मृणालीने फोन कानापासून दूर धरला. "लाइट गेली होती?"

"गेल्ती ना. जनरेटरला डिझेल नव्हता. बराच टाइम आंधार. डिझेल भरल्याव तुमचा कॉम्प्रेसर चालू व्हईना. मंग मी घरातनंच मोबाईलवरनं चालू केला. पंढरीकाका बोलतात, भाडेकरूचा माल खराब झाला तर गावात तोंड दाखवाया जागा न्हाय."

मृणाली पडद्याकडे वळली. लाइट गेली, कॉम्प्रेसर बंद राहिला, तर खोली थोडी तरी तापायला हवी. रेघेला उंचवटा यायला हवा. रेघ सरळ होती.

आणि दुसरी गोष्ट तिच्या लक्षात यायला अजून एक क्षण लागला.

"भूपेश, मोबाईलवरून म्हणजे? या खोलीचं यंत्र तुझ्या मोबाईलवरून चालतं?"

"मीच सोय केलीय," भूपेश जरा खुशीत म्हणाला. "तुमच्यासाठीच."

मृणालीने फोन पुन्हा कानाला लावला. "सर, पत्रक काढू नका. रात्रीचा आलेख खरा नाही. कुणीतरी यंत्रात शिरलंय असं मला वाटतंय."

पलीकडून डॉक्टर हळू म्हणाले, "वाटतंय की आहे?"

"आलेख खोटा आहे हे नक्की. लस गोठली का ते माहीत नाही."

"मी सायबरवाल्यांना कळवतो. पण नमाजपर्यंतच थांबेन. त्यानंतर मला काहीतरी बोलावंच लागेल."

राज्याच्या सायबर विभागातले निरीक्षक यहया खोत कल्याणहून आले. केस पिकलेले, चालणं सावकाश. त्यांच्याबरोबर एक तरुण सहकारी होती, मनाली नावाची. तिने कुणाशी न बोलता आधी यंत्रामागची नेटची तार काढली आणि राउटर बंद न करता त्याला आपला लॅपटॉप जोडला.

"बंद का नाही करत?" आपांनी विचारलं.

"चोर घरात पाणी पिऊन गेला असेल तर आपण भांडी घासायला घेत नाही ना, आपा," खोत म्हणाले. "ठसे असतात." मग ते भूपेशकडे वळले. "पासवर्ड काय ठेवला होतास?"

भूपेशने गावदेवीचं नाव सांगितलं.

"सगळ्या गाळ्यांना तोच?"

"हा. येगयेगळा ठेवला तर वॉचमन लोकांना ध्यानात ऱ्हात न्हाय. ग्रुपवर टाकून ठेवलाय. आपलीच मानसा हायेत सगली."

"आणि हे यंत्र मोबाईलवर घ्यायला?"

"तोच." भूपेश पाहुण्यांसाठी पुन्हा चहा घेऊन आला होता. त्याच्या हातातली किटली तशीच होती, ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. खोतांनी ती घेतली आणि स्वतःच टेबलावर ठेवली.

"तुझ्या घरच्यांनी भाडेकरूला कधी तहानलेलं ठेवलं नाही, ते खरं. पण टँकर तुझ्या माणसांनाच पाणी देतो. नेटच्या दाराला माणूस ओळखता येत नाही. ज्याला देवीचं नाव कळलं तो आत."

मनालीने लॅपटॉपवरून मान वर केली. "सर, भूपेशच्या नावाने दोन रात्री कुणीतरी आत आलंय. बुधवारी आणि काल. आधी पडद्याला जुने आकडे भरवून ठेवले, मग खोली शून्याच्या खाली नेली. पहाटे परत चारवर आणून ठेवली. पत्ता तीन देशांतून फिरवलाय."

"कोण आहेत?" आपा म्हणाल्या.

"ते आज नाही कळणार. कदाचित महिन्यांनी कळेल." खोत खुर्चीवर बसले. "आज कोण यापेक्षा कशाला, हे जास्त कामाचं आहे. चोर असता तर यंत्राला कुलूप घालून पैसे मागितले असते. याने काहीच मागितलं नाही. उलट लस बिघडवली, पडद्यावर सगळं ठीक असल्याचं दाखवलं आणि तिकडे मोहल्ल्यात सांगितलं की बिघडलीय. का?"

मृणालीच्या डोळ्यांसमोर निरोपातली शेवटची ओळ आली. "विचाराल तर ते नाही म्हणतील."

"बरोबर. त्याला तुमचं पत्रक हवं आहे. डॉक्टरसाहेब पडदा बघणार, प्रामाणिकपणे नाही म्हणणार. मग नमाज सुटली, माणसं चौकात आली की तो खरा पुरावा सोडणार. खरा आकडा फक्त त्यालाच दिसत होता, म्हणून रात्रीचं चित्रण त्याच्याकडे असणारच. त्या क्षणाला सरकार खोटारडं ठरतं, आणि खोटं तुम्ही बोललेलेही नसता. पुढे पोलिओ सांगा, गोवर सांगा, पुराचा इशारा सांगा, कोण ऐकेल? बॉम्ब फोडणारा रस्त्यावर भीती पेरतो. हा घराघरात पेरतो, तेवढाच फरक. यालाही दहशतवादच म्हणायचं."

फोनच्या स्पीकरवर डॉक्टर मितेश सगळं ऐकत होते. "मग शहराचं मोबाईल नेट बंद करायला सांगू का वरून? चित्रण पसरणारच नाही."

"आणि तुमचं खरं कसं पसरेल, साहेब?" खोत म्हणाले. "नेट गेलं की लोक म्हणतील, लपवायला बंद केलं. आमचं काम आम्ही करतोय. राज्यातल्या प्रत्येक लसभांडाराला आत्ताच निरोप गेलाय, ज्याचं यंत्र नेटवर आहे त्याने ते तोडा आणि दर तासाला माणसाने आत जाऊन तापमान घ्या. दिल्लीलाही कळवलंय. पण ही झाली आमची बाजू, तारांची. इथल्या आयांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवायचंय."

"लस खराब आहे की नाही ते तरी कळू दे आधी," डॉक्टर म्हणाले.

ते कळायचा एक मार्ग होता आणि मृणालीने सकाळपासून तोच डोक्यात धरला होता. गोठून बिघडलेल्या लसीतला पांढरा भाग पाण्यापासून सुटतो, त्याचे कण होतात. बाटली हलवून ठेवली की ते लवकर तळाला बसतात. चांगली लस बराच वेळ एकसारखी गढूळ राहते. पण 'लवकर' म्हणजे किती, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून त्याच खोक्यातली एक बाटली आपणच मुद्दाम गोठवायची, वितळू द्यायची आणि संशयातल्या बाटलीशेजारी ठेवायची. दोन्ही सारख्याच लवकर बसल्या तर खोका गेला.

तिने एक बाटली घेतली, तिला लाल चिकटपट्टी लावली आणि पोलिओच्या थेंबांसाठीच्या फ्रीजरमध्ये ठेवली. मग थांबणं आलं. फ्रीजरचं झाकण उघडून बघण्याचा मोह ती आवरत होती. आपांचा मोबाईल वाजत राहिला. प्रत्येक वेळी त्या एवढंच म्हणत, "तपासतायत. खोटं बोलणार नाही तुझ्याशी. तपासून झालं की सांगते." खोतांनी डॉक्टरांच्या पत्रकासाठीही तीच ओळ दिली होती. 'साठ्याची तपासणी चालू आहे. तोपर्यंत एकही इंजेक्शन दिलं जाणार नाही.'

बाटली दगडासारखी झाली, तशी मृणालीने ती बाहेर काढून तळहातात धरली.

"आता वितळेल. मग इथेच बघू."

"इथे नको," आपा म्हणाल्या. "शेडमध्ये. सगळ्यांसमोर."

स्पीकरवरून डॉक्टरांचा आवाज आला. "कुबराताई, खराब निघाली तर? शंभर लोकांसमोर निघेल. तिथे दगड आले तर मी काय करू?"

"साहेब, मी त्या गल्ल्यांत कधीपासून फिरतेय तुम्हाला माहीत आहे. सुरुवातीला दार लावून घ्यायचे. एकीने माझ्यावर भांडी धुतलेलं पाणी टाकलंय. आता त्या माझं तोंड बघून बाळ मांडीवर देतात, सुई कसली ते विचारत पण नाहीत. आज मी बंद गाळ्यातून येऊन सांगितलं की चांगली आहे, किंवा सांगितलं की वाईट आहे, त्या दोन्ही वेळा विचारतील, तुला कुणी सांगितलं? ते एकदा विचारलं ना, की मी संपले तिथे."

डॉक्टर म्हणाले, "मी येतोय तिकडे."

जब्बारभाईंच्या शेडमध्ये लूम ताडपत्रीने झाकलेले होते. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बायका बसल्या होत्या, मांडीवर बाळं. पण बहुतेकजणी दाराजवळ होत्या, केव्हाही उठता येईल अशा. पुरुष बाहेर उभे. नमाज नुकतीच सुटली होती आणि गर्दी वाढत होती. सूत आणि तेलाच्या वासात कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं, याचीच मृणालीला जास्त भीती वाटली.

जब्बारभाई पुढे आले. "आपा, तुमच्यासाठी शेड दिली. आता लोक मला विचारतात, जब्बार, किती खाल्लेस? बोला. डबे आणलेत का?"

"डबे नाही आणले. दोन बाटल्या आणल्यात."

"दोन बाटल्यांत एवढी पोरं?"

"टोचायला नाहीत, जब्बारभाई. दाखवायला."

मृणाली पुढे झाली. समोर मोठ्या बहिणींच्या कमरेवर बसलेली, ताडपत्रीवर चढलेली मुलंच जास्त होती, म्हणून ती त्यांच्याकडे बघूनच बोलू लागली. ते सोपं गेलं.

"ताक बघितलंय ना? घुसळलं की एकसारखं असतं. ठेवून दिलं की वर पाणी, खाली घट्ट. ही लस ताकासारखी आहे. चांगली असली तर बराच वेळ एकसारखी राहते. बर्फ होऊन बिघडली तर पटकन खाली बसते. ही लाल पट्टीवाली मी स्वतः गोठवून बिघडवली आहे. ही दुसरी आज तुम्हाला द्यायची होती. दोन्ही एकदम हलवायच्या आणि शेजारी ठेवायच्या. दुसरी वर राहिली तर निरोप खोटा. दोन्ही सारख्या बसल्या तर ही लस बिघडलेली."

आपांनी ते हिंदीत सांगितलं.

"और हिलायेगा कौन? तुम?" बाहेरून कुणीतरी म्हणालं. "तुम्हारे हाथ की सफाई देखने आये हैं क्या?"

"जब्बारभाई हलवतील," मृणाली म्हणाली.

जब्बारभाई दचकले. त्यांनी हात सदऱ्याला पुसले, दोन्ही बाटल्या एका मुठीत धरल्या आणि मृणाली पुरे म्हणेपर्यंत हलवत राहिले. मग झाकलेल्या लूमवर, खिडकीच्या उजेडात, त्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही दुधासारख्या पांढऱ्या.

कुणीतरी मोबाईल वर धरला, मग आणखी कुणी. डॉक्टर मितेश मागच्या दाराने आत येऊन भिंतीला टेकले होते. खोत बाहेर गर्दीत मिसळून उभे होते.

लाल पट्टीच्या बाटलीत आधी दिसलं. वरच्या कडेला पाण्याची बारीक फट. तिच्याखाली पांढरे कण, मीठ विरघळायच्या आधी दिसतं तसे, खाली येत होते. सगळ्यांच्या माना दुसऱ्या बाटलीकडे वळल्या. ती पांढरीच होती. पुढे बसलेल्या एका तरुण आईने, जोहाने, मांडीवरच्या मुलीला छातीशी धरलं आणि पुटपुटली, "रुक जा, रुक जा."

मग तिच्यातही फट आली.

मृणाली शेवटपर्यंत थांबली. अर्धवट बघून बोलायचं नव्हतं. दोन्ही बाटल्यांत वर निवळ पाणी आणि तळाला पांढरा थर, एकाच उंचीचा, अशी वेळ आली तेव्हा तिने मान वर केली.

"ही लस बिघडलेली आहे. यातलं एकही इंजेक्शन आज देणार नाही. सकाळी आमच्या पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं, तो पडदा कुणीतरी दुरून बिघडवला होता. नेटची दारं नीट बंद नव्हती, ती चूक आमच्या बाजूची."

आवाज उठला. मागच्या बायका उभ्या राहिल्या. दोघी-तिघी बाळं उचलून निघूनही गेल्या. बाहेर कुणीतरी ओरडलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. त्याच वेळी शेडभर मोबाईल एकामागून एक वाजले.

जब्बारभाईंनी आपला मोबाईल पाहिला. चित्रण होतं. निळा पडदा, शून्याखालचा आकडा, कालची तारीख. खाली लिहिलेलं, 'हा घ्या पुरावा. आता विचारा, ते का नाही म्हणाले.'

त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि भिंतीशी उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर हलले नाहीत.

"पण हे नाही म्हणालेच नाहीत," जब्बारभाई म्हणाले. आवाज मोठा नव्हता. जणू स्वतःलाच विचारत होते. "इसने तो बोल दिया. अभी, सबके सामने."

"आपा." जोहा उठून उभी राहिली होती. "मेरी बच्ची को पिछले महीने जो दिया था, वो?"

उठलेल्या बायका जागीच थांबल्या. कुबरा आपांनी मृणालीकडे पाहिलं. उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं.

"गेल्या महिन्यातला साठा वेगळा होता," मृणाली म्हणाली. "यंत्रात शिरकाव या आठवड्यातला आहे, असं सायबरवाले सांगतात. पण मी नुसतं सांगणार नाही. त्या साठ्यातल्या काही बाटल्या तेव्हाच बाहेरच्या केंद्रांत गेल्या होत्या, तिथे उरल्यात. त्याही इथे आणून अशाच हलवू. बिघडलेली लस जिवाला घातक नसते, फार तर सुई टोचलेल्या जागी गाठ येते. पण ती रोगापासून वाचवत नाही, म्हणून पुन्हा द्यावी लागेल. काल अकलोली गावाला याच साठ्यातली लस गेली आणि तिथल्या बाळांना दिली गेली. त्यांना आम्ही आज जाऊन सांगणार आहोत."

हे शेवटचं डॉक्टर मितेशना ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. मग भिंतीपासून पुढे आले आणि मृणालीच्या शेजारी उभे राहिले.

"त्या गाडीत मीही असेन," ते म्हणाले.

जब्बारभाईंनी मोबाईल एका कामगाराच्या हातात दिला. "घे माझा व्हिडिओ. बाटल्या नीट दिसू दे." आणि लूमवरच्या त्या दोन बाटल्यांकडे बोट दाखवत ते बोलू लागले. "मैं जब्बार. ये दोनों मैंने अपने हाथ से हिलायी हैं. दवा खराब निकली. आज किसी बच्चे को नहीं लगी. खराब है, ये बात इन्होंने खुद बतायी. जो बोल रहा है कि छुपाया, वो झूठा है. नयी आयेगी तो वो भी यहीं हिलेगी, फिर लगेगी." त्यांनी मृणालीकडे पाहिलं. "हिलेगी ना?"

"हलवू," ती म्हणाली.

"पाठव आता. सगळ्या ग्रुपवर."

बाहेरची गर्दी लगेच पांगली नाही. कुणी जब्बारभाईंचा व्हिडिओ बघत होतं, कुणी आधीचा. दोन माणसं त्यावरून भांडत होती. पण भांडण बाटल्यांवरून होतं, लवकर बसली की उशिरा, आणि खोत त्यांच्यामध्ये उभे राहून शांतपणे दोघांचंही ऐकत होते.

आपा बायकांमध्ये खाली बसल्या. गेलेल्या बायकांकडे त्यांनी एकदा दारातून पाहिलं. आज संध्याकाळपासून त्यांच्या घरी पुन्हा जावं लागणार होतं, पहिल्यापासून.

"नयी कब आयेगी?" जोहाने विचारलं.

आपांनी मृणालीकडे पाहिलं.

"दुसऱ्या भांडारातून मागवलीय. आली, तपासली की लगेच. बहुतेक पुढच्या शुक्रवारी."

"तो अगले जुम्मे को आती हूँ." जोहाने मुलीला खांद्यावर घेतलं. मुलगी आपांच्या ओढणीचं टोक सोडायला तयार नव्हती. "नहीं आयी तो आप घर आके पकड़ के ले जाना."

"और तेरी सास पानी फेंकेगी तो?"

"वो तो फेंकेगी ही. आप थोड़ा बाजू में खड़े रहना."

कुबरा आपा हसल्या आणि बाळाच्या मुठीतून ओढणी सोडवून उठल्या. बाहेर गाडी उभी होती. भूपेश गाडीजवळ थांबला होता, मानकोलीहून मोटारसायकलवर मागोमाग आलेला.

"ताई, मी पन येतो अकलोलीला. मामाचा गाव हाय माजा. पासवर्ड मीच टाकला ग्रुपवर, ता मीच सांगीन त्यांना."

डॉक्टर पुढच्या सीटवर बसले होते; मृणालीने भूपेशसाठी गाडीचं मागचं दार उघडलं. बिघडलेली आणि लाल पट्टीची, दोन्ही बाटल्या तिने मांडीवरच्या डब्यात उभ्या ठेवल्या. वज्रेश्वरीच्या रस्त्याला गाडी लागली तसे आपा अकलोलीतल्या एका बाईला फोन लावू लागल्या.

"आक्का, कुबरा बोलतेय, भिवंडीवरून. काल सुया दिलेल्या सगळ्या बाळांच्या आयांना देवळापाशी बोलवशील का? नाही, बाळं ठीक आहेत. पण एक वाईट बातमी आहे, आणि ती मी स्वतः येऊन सांगतेय."